चेफालू कॅन्सल, सावदा कन्फर्म!

बॉसचा मेल आला, ‘रजा मंजूर!’ आणि त्याच संध्याकाळी व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख मिळाली. रजा जानेवारीतली, तारीख फेब्रुवारीतली! म्हणजे भूमध्य समुद्र राहिला त्याच्या जागी आणि आम्ही आपले हिंजवडीच्या सिग्नलवर.

चेफालू हे नाव ऐकलंय? दोन वर्षांपूर्वी मीही ऐकलं नव्हतं. इटलीच्या सिसिली बेटावरचं समुद्रकाठचं छोटंसं गाव. मागे एक भलामोठा खडक, पुढे निळंशार पाणी आणि मधे एक जुनं कॅथेड्रल. नॉर्मन राजा दुसरा रॉजर यानं ११३१ मध्ये ते बांधायला घेतलं. रेल्वेनं तासाभरावर पालेर्मो, म्हणजे सिसिलीचं सगळ्यात मोठं शहर. चार दिवसांसाठी एकदम परफेक्ट! मी त्यासाठी एक्सेल शीटसुद्धा बनवली होती. (आयटीवाला आहे, त्याला इलाज नाही.)

ती शीट बनवताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसली होती. छोट्या गावाची सहल मोठ्या शहरासारखी प्लॅन केली की फसते. पॅरिसला जाताना यादी लागते. छोट्या गावात यादी पहिल्याच दिवशी सकाळी अकराला संपते आणि मग माणसं हॉटेलात बसून मोबाइल बघतात. तिथे प्लॅन करायचं असतं ते घड्याळ. बाजार किती वाजता भरतो? दुपारी शटर कधी पडतात? या महिन्यात ताटात काय असतं? आणि जवळच्या मोठ्या शहराला कुठला एक दिवस द्यायचा? माझ्या शीटमध्ये म्हणून चारच कॉलम होते : सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि ‘मोठं शहर’.

आता गाव गेलं, पण कॉलम तर होते ना! रात्री जेवताना मी वरचं हेडिंग पुसलं आणि टाइप केलं... ‘सावदा’.

‘‘चेष्टा करतोयस?’’ बायको म्हणाली.

सावदा तिचं माहेर. जळगाव जिल्हा, रावेर तालुका. २०११ च्या जनगणनेत वस्ती २० हजारांच्या आसपास, नगरपालिका असलेलं गाव. सहा वर्षांच्या संसारात मी तिथे सात वेळा गेलोय. सहा लग्नं आणि एक दहावा. म्हणजे सावद्यात मी काय काय पाहिलं? मांडव, पंगत आणि परतीच्या गाडीची वेळ. आणि खरं सांगू का, बायकोचंही गेल्या दहा-बारा वर्षांत तेच झालं होतं. ऑफिसात कोणी विचारलं, ‘गाव कुठलं?’ तर ती म्हणते, ‘जळगाव.’ फारच चौकशी झाली तर ‘भुसावळजवळ.’ सावदा हा शब्द तिच्या तोंडून मी पुण्यात ऐकलेलाच नाही.

‘‘तिथे बघायला काय आहे?’’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘‘चेफालूत तरी काय आहे? एक चर्च आणि एक खडक.’’

फोनवर सासऱ्यांनीही हेच विचारलं. ‘‘पाहुणे, लगन नाही, कार्य नाही, मंग येऊन काय करसान? आमच्या सावद्यात पाह्यासारखं हाये काय?’’

तर मंडळी, चार दिवस काय केलं, ते सांगतो.

माणसांपेक्षा केळ्यांचं स्टेशन

पुण्याहून रात्री गाडीत बसलात की सकाळी भुसावळ. तिथून एसटी किंवा काळी-पिवळी. गाडी तापीचा पूल ओलांडते, फैजपूर लागतं आणि तासाभरात तुम्ही सावद्यात. वाटेत खिडकीतून काय दिसतं? केळी. मग केळी. मग थोडा हरभरा, थोडा गहू आणि परत केळी. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग सगळ्या रस्त्याला सोबत करते. पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की, हे गाव डोंगराच्या इतकं जवळ आहे. लग्नाला जाताना नजर घड्याळावर असते ना!

सावद्याला स्वतःचं रेल्वे स्टेशन आहे. भुसावळ-खांडवा मार्गावरचं. पण ते गावापासून लांब, आणि मोठ्या गाड्यांच्या खिजगणतीतही नसलेलं. ते स्टेशन खरं तर माणसांपेक्षा केळ्यांचं! सावदा आणि रावेर या दोन स्टेशनांवरून वर्षानुवर्षं केळी भरभरून दिल्लीकडे गेली. दिल्लीतल्या कुठल्या तरी गल्लीत सकाळी कोणी केळं सोललं असेल, तर ते कदाचित आमच्या बाजूचं असतं. ‘आमच्या’ असं मी लिहिलंय, हे बायकोला दाखवू नका.

राहायचं कुठे? हा प्रश्न आमच्यापुढे नव्हता. तुमच्यापुढे असेल तर सरळ भुसावळ किंवा जळगावात मुक्काम करा, तिथे सगळ्या बजेटची हॉटेलं मिळतात. सावदा-फैजपुरात साधी सोय होते. पण ओळखीतलं घर निघालं तर ते सोडू नका. खानदेशात ओळखीतलं घर निघतंच. जळगावकडचा एक तरी माणूस तुमच्या ऑफिसात असणार. चौधरी, पाटील, महाजन, नेमाडे, झोपे, भंगाळे, कोल्हे... आडनावांवर नजर टाका.

पहिली सकाळ

शीटमधला पहिला चौकोन : ‘सकाळ – केळीची कापणी.’ सासरे, म्हणजे नाना, हसलेच. ‘‘कापनी काय पाहाची? कापतेत अन् भरतेत.’’ पण सकाळी मळ्याकडे निघताना त्यांनी मोटारसायकल पुसून ठेवली होती, हे मी पाहिलं.

जानेवारीतली सकाळ, चांगलीच बोचरी. खानदेश म्हणजे ऊन, असं आपण धरून चालतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४५ च्या वर जातो, ते खरंच आहे. पण डिसेंबर-जानेवारीत इथली पहाट स्वेटर मागते. बागेत शिरलो तर आत वेगळंच हवामान! वर पानांचं छप्पर, खाली ओली जमीन, ठिबकच्या काळ्या नळ्या आणि हिरवट उजेड. चर्चमध्ये शिरल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसंच काहीसं. मी काही वेळ नुसताच उभा होतो.

केळ हे झाड नाहीच मुळी. जे खोड वाटतं, ते एकमेकांवर घट्ट बसलेल्या पानांचं असतं. लावल्यापासून साधारण वर्षभरानं त्याला एकच घड येतो. घड कापला की त्या खोडाचं काम संपलं. पण बुडाशी आधीच पिल आलेलं असतं, ते पुढे वाढतं. त्यामुळे नव्या लागवडीची केळी ती ‘नवती’ आणि पिलावर धरलेली ती ‘पिलबाग’. पावसाळ्याच्या तोंडाशी लावली तर ‘मृगबाग’, पावसाळा सरताना लावली तर ‘कांदेबाग’. भावाच्या पाटीवर हेच शब्द असतात, आणि त्यांच्या शेवटी एक ‘वापसी’, म्हणजे डाव्या मालाचा भाव. इतकी वर्षं सासरे फोनवर ‘नवती पडली’ म्हणायचे आणि मला वाटायचं, कोणी तरी पडलंय!

कापणीचं काम बघण्यासारखं असतं. एकानं कोयता घालायचा, दुसऱ्यानं खाली खांदा तयार ठेवायचा. घड अलगद खांद्यावर उतरतो आणि माणूस तसाच, पायाखाली न बघता, बांधाकडे चालू लागतो. केळ्याला कुठे खरचटू नये, यासाठी सगळा जीव लावलेला. परदेशी पाठवायचा माल तर आणखी लाडाचा. फण्या सुट्या करून, धुऊन, खोक्यात बसवून तो आखाती देशांकडे जातो. टिश्यूकल्चरची रोपं आणि ठिबक आल्यापासून हा सगळा पट्टाच बदलून गेलाय. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

एक टिप, अगदी कळकळीची. बागेत पांढरा शर्ट घालून जाऊ नका. केळीचा चीक कपड्यावर पडला की डाग काळा पडतो आणि शर्टाच्या शेवटापर्यंत सोबत करतो. माझा ब्रँडेड शर्ट आता घरी फरशी पुसण्याच्या कामाला आहे.

दुपार : प्लॅनमध्ये काहीही नाही

सिसिलीत दुपारी दुकानं बंद होतात, रस्ते ओस पडतात आणि टुरिस्ट चिडतात. सावद्यात दुकानं सगळीच बंद होत नाहीत, पण दुकानदार अर्धवट बंद होतात. गादीवर कलंडलेले, तोंडावर पेपर. जेवणानंतर तीन वाजेपर्यंत तुम्ही काही ठरवलंत तर चूक तुमची. आम्ही गच्चीवर चटई टाकून झोपलो. पुण्यात मी दुपारी शेवटचा कधी झोपलो होतो, आठवत नाही. आजारी असताना, बहुतेक.

त्या आधीच्या जेवणाबद्दल सांगायलाच हवं. वरण-बट्टी. कणकेचे उंडे उकडून, कापून, तुपा-तेलात तळलेले. ताटात कुस्करायचे, वर तुरीचं वरण, वर तूप. सोबत वांग्याची घोटलेली भाजी. इथे पंगतीला हा बेत केळीच्या पानावर असतो आणि वाढणारा ‘नको’ हा शब्द ऐकूच येत नसल्यासारखा पुढे येतो. दुपारच्या झोपेमागे खरं कारण हे!

संध्याकाळी फैजपूर. सावद्याहून काही मिनिटांवर, शेअर रिक्षा मिळते. या गावाची मोठी गोष्ट आहे आणि आपल्या पिढीला ती शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरती माहीत असते. डिसेंबर १९३६ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलं अधिवेशन. गांधीजींचा आग्रहच होता की, देश खेड्यांत आहे तर अधिवेशन शहरात कशाला? अध्यक्ष पंडित नेहरू. सजावटीला शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबू, चटया असं गावात मिळेल ते वापरून अख्खं नगर उभं केलं. शेतकऱ्यांच्या मागण्यांचा कार्यक्रम इथेच मांडला गेला. तुरुंगातून नुकतेच सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय इथे आले होते. साने गुरुजी तयारीसाठी खानदेशात गावोगाव फिरले होते. आपण इव्हेंट मॅनेजमेंटच्या गप्पा मारतो... त्या काळात हजारो माणसांचं पाणी, जेवण, झोपायची सोय एका खेड्यानं पेलली!

आज तिथे काय दिसतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर फार काही नाही. बांबूचं नगर होतं, ते राहणार कसं? स्वातंत्र्यसैनिक धनाजी नाना चौधरींच्या नावाचं, १९६१ मध्ये सुरू झालेलं महाविद्यालय आहे, सतपंथ मंदिर आहे, वर्दळीचा बाजार आहे. बायको याच कॉलेजात अकरावी-बारावी शिकली. गेटसमोर उभी राहून ती म्हणाली, ‘‘दोन वर्षं रोज इथून गेले रे, पण नंदलाल बोस इथे आले होते, हे मला शांतिनिकेतनच्या ट्रिपमध्ये गाइडनं सांगितलं.’’ मग तिनं चहा मागवला आणि बराच वेळ काही बोलली नाही.

जाता जाता : चित्रकलेची आवड असेल तर जवळच्या खिरोद्यात चक्कर मारा. एवढ्याशा गावात सप्तपुट ललित कला भवन नावाचं कलाशिक्षण देणारं कॉलेज आहे.

आमचं पालेर्मो

तिसरा दिवस ‘मोठं शहर’ या कॉलमचा. चेफालूला पालेर्मो, तसं सावद्याला बुऱ्हाणपूर. रावेर ओलांडलं की राज्याची हद्द संपते आणि तास-दीड तासात तुम्ही मध्य प्रदेशात असता. पण हद्द नकाशावरची. फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशची राजधानी बुऱ्हाणपूरच होती. १६०१ मध्ये अकबरानं जवळचा असीरगड घेतला आणि हे राज्य मोगलांकडे गेलं. आजही केळीच्या भावासाठी सावदा-रावेरचे शेतकरी बुऱ्हाणपूरच्या लिलावाकडे डोळे लावून असतात. नानांना आम्ही ‘चला’ म्हटलं, तर ते म्हणाले, ‘‘मी तिथं मंडीत शंभर खेपा गेलो. किल्ला नाही पाह्यला कधी.’’ आणि चक्क इस्त्रीचा सदरा घालून गाडीत येऊन बसले.

तापीच्या काठावर शाही किल्ला. आतल्या हमामखान्याच्या छतावर रंगीत नक्षी अजून शिल्लक आहे, मान दुखेपर्यंत बघावी अशी. मुमताज महल गेली ती याच शहरात, १६३१ मध्ये, चौदाव्या बाळंतपणात. नदीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिला आधी दफन केलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. म्हणजे ताजमहालाची गोष्ट सुरू होते ती तापीकाठी! जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. तो शोधून वाचायचा प्रयत्न करा, मजा येते.

पण मी सगळ्यात जास्त वेळ घालवला तो कुंडी भंडाऱ्यात. लोक ‘खूनी भंडारा’ही म्हणतात. १६१५ मध्ये, अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात बांधलेली ही भूमिगत पाणीयोजना. सातपुड्याच्या टेकड्यांमधून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा करायचं आणि नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणायचं. पंप नाही, मोटर नाही. बोगद्याच्या रेषेवर थोड्या थोड्या अंतरानं वर उघडणाऱ्या विहिरींसारख्या शंभरावर कुंड्या. लिफ्टच्या पिंजऱ्यातून आम्ही खाली उतरलो. (ती चालू आहे का, हे आधी विचारून जा.) खाली गार अंधार, पायाला वाहतं पाणी आणि भिंतींवर चुन्याचे पांढरे थर. वरून एका कुंडीतून नाण्याएवढा उजेड.

आणि तिथे मला हसू आलं. कारण माझ्या जुन्या शीटमध्ये, पालेर्मोच्या दिवसात, एक ओळ होती : ‘कनात टूर’. (तंबूची कनात नव्हे!) अरब राजवटीच्या काळात सिसिलीत आलेल्या या भूमिगत कालव्यांत डोक्यावर हेल्मेट, पायात बूट घालून लोकांना उतरवतात. मी त्यासाठी युरोत पैसे भरणार होतो. तंत्र तेच, इराणकडून आलेलं. एक शाखा पश्चिमेला सिसिलीला गेली, एक पूर्वेला इथे आली. माझ्या सासुरवाडीपासून तासा-दीड तासावर!

मी हे सगळं उत्साहानं नानांना सांगितलं. ते पाण्यात हात बुडवून उभे होते. म्हणाले, ‘‘चारशे वर्सं झाली, अन् अजून पानी वाह्यतं. आमच्या बोरिंगा तर दहा वर्सांत आटून जातेत.’’ केळी हे पाणी पिणारं पीक आणि या पट्ट्यात भूजल खोल खोल चाललंय, हे मी पेपरात वाचलं होतं. त्या बोगद्यात, त्यांच्या तोंडून ऐकताना ते वेगळंच लागलं.

वर आल्यावर मावा जिलेबी. बुऱ्हाणपूरची खासियत. काळसर, जाड, गरमागरम. डाएट पुण्यात करा.

चौथ्या दिवशी सकाळी चांगदेव गाठलं. मुक्ताईनगर तालुक्यातलं हे गाव तापी-पूर्णेच्या संगमावर आहे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं जुनं मंदिर, समोर पसरलेलं पाणी आणि हिवाळ्यात त्यावर पक्षी. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना चिमुरडी मुक्ताबाई गुरू म्हणून लाभली, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. त्या दोघांची ठिकाणं इतकी जवळ आहेत, हे मात्र मला माहीत नव्हतं. मुक्ताबाईंचं कोथळीचं मंदिरही इथून जवळच. तिथून आषाढीला पंढरपूरला निघणारी पालखी म्हणजे वारीतल्या सगळ्यात लांबच्या पल्ल्यांपैकी एक.

मळ्यातलं भरीत

शेवटची संध्याकाळ शीटमध्ये रिकामी ठेवली होती. छोट्या गावाच्या प्लॅनमध्ये एक चौकोन रिकामा ठेवायचाच, तो गाव भरतं. सावद्यानं तो भरला भरितानं.

हिवाळ्यात खानदेशात जाऊन मळ्यातलं भरीत न खाता परतलात तर तुमची सहल धरली जाणार नाही. वांगी हिरवी, लांबट-फुगीर, हातभर. बामणोदची नावाजलेली. ती गॅसवर नाही भाजायची. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा आणि त्यात ढकलून द्यायची. साल काळी कोळसा झाली की सोलायची, लाकडी भांड्यात लाकडानंच ठेचायची. लसूण, हिरवी मिरची भाजून त्यातच. मग कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि तेल... तेलाबद्दल मी काही लिहीत नाही, घरच्या डॉक्टरांनी हा अंक वाचला तर पंचाईत. सोबत कळण्याच्या पुऱ्या आणि भाकरी. जमिनीवर गोल करून बसायचं. धूर ज्याच्या दिशेनं येईल त्यानं जागा बदलायची.

जाळ पेटवायला मी काड्या गोळा करत होतो तेव्हा सहज विचारलं, ‘‘नाना, ही पलीकडची मोकळी जमीन कोणाची?’’

‘‘आपलीच,’’ ते म्हणाले.

बायकोनं मान वर केली. त्या तुकड्यात तिच्या लहानपणापासून केळीच होती. पावसाळ्यात बागेवर मोझॅक व्हायरस आला होता. रोगट रोपं उपटून फेकावी लागतात, नाही तर शेजारची जातात. नानांनी निम्मी बाग उपटली होती. ते वर्षच गेलं. फोनवर आम्ही दर रविवारी विचारत होतो, ‘काय म्हणता?’ आणि ते म्हणत होते, ‘‘सगळं बरं हाये.’’

‘‘सांगितलं का नाही?’’ तिनं विचारलं.

‘‘तुमी तिकडून काय करतीन, बाई? अन् लगनात येता दोन घटका, तवा हे बोलाचं का?’’ थोडं थांबून ते म्हणाले, ‘‘जूनपासून ठोक्यानं देऊन टाकू म्हणतो. मेहनत होत नाही आता.’’

मेहुणा बंगळूरला आहे. आम्ही पुण्यात. कोण काय बोलणार? वांगी जाळात फुटत होती. सासूबाईंनी पहिली पुरी माझ्या ताटात टाकली आणि विषय तिथेच थांबला.

रात्री बायको गच्चीवर बराच वेळ बसली होती. मी वर गेलो तर मोबाइलवर माझीच शीट उघडलेली. खाली तिनं नवीन ओळी घातल्या होत्या. ‘मार्च – चार दिवस. माती-पाणी तपासणी.’ ‘मे – वादळाच्या आधी. नानांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे.’ ‘जून – लागवड?’ लागवडीपुढचं प्रश्नचिन्ह तिनं एकदा खोडलं होतं, परत टाकलं होतं.

सकाळी ती नानांसोबत एकटीच मळ्यात गेली. काय बोलणं झालं, मला माहीत नाही. परत आली तेव्हा तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर चिकाचा भला मोठा डाग होता. निघताना नाना एवढंच म्हणाले, ‘‘ठोक्याचं जूनपर्यंत कोनाले बोलत नाही मी.’’

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी बेस्ट. भरीतही आणि थंडीही. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर सातपुड्याकडे वळा. आडगावजवळची मनुदेवी, तिथला धबधबा आणि डोंगरातलं पाल. एप्रिल-मेमध्ये जाण्याचं धाडस फक्त जावयांनीच करावं, तेही बोलावणं आलं तरच. तीन रात्री पुरतात. गाडी भाड्यानं एक दिवसच घ्या, बुऱ्हाणपूरसाठी. बाकी एसटी, शेअर रिक्षा आणि पाय. बागेत जायचं तर आधी मालकाला विचारा. नाही कोणी म्हणणार नाही, पण चहा घेतल्याशिवाय सोडणारही नाही. आणि परतीच्या सामानात जागा ठेवा. आम्ही भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर चढलो तेव्हा दोन बॅगा आमच्या होत्या आणि तीन पिशव्या सासूबाईंच्या.

त्यातली एक कच्च्या केळ्यांची. ती पुण्यात आठवडाभर पिकत होती. बायको रोज चार ऑफिसात न्यायची. तिच्या टीममधल्या कोणी तरी विचारलं, ‘‘कुठली गं ही?’’

‘‘सावद्याची,’’ ती म्हणाली म्हणे.

‘‘कुठे आलं ते?’’

‘‘सांगते, बस.’’

आता रविवारच्या फोनवर ‘काय म्हणता?’ नसतं. ‘‘नाना, आज नवतीला काय भाव?’’ असतं. परवा भाव सांगून झाल्यावर त्यांनीच विचारलं, ‘‘पाहुणे, ते तुमचं... चेफालू का काय, तिथं केळी होते का?’’

मी म्हटलं, ‘‘नाही नाना, त्या बेटावर लिंबं होतात. लिंबं आणि संत्री.’’

फोनवर क्षणभर शांतता.

‘‘मंग लिंबाले काय भाव हाये तिकडे?’’